मर्यादा नदीची ठरवली, बोटीची नाही: स्पॅनिश बॉटममधल्या एका रात्रीचं प्रकरण

हे प्रकरण सरावासाठी उभं केलेलं आहे. यातलं इंदूरचं कुटुंब, तारखा आणि रोजच्या पाण्याचे आकडे आम्ही मांडले आहेत. नदी, तिथली ठिकाणं, अंतरं आणि अशा पाण्यात होणारे घोटाळे मात्र खरे आहेत. इंदुरात महेश्वरला जाऊन पॅडल मारायला शिकलेली, अमेरिकेत नातेवाईक असलेली आणि ‘एकदा मोठ्या पाण्यात उतरायचंय’ म्हणणारी मंडळी आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिलं आहे.

नदी आहे कोलोरॅडो आणि जागा युटा राज्यातली कॅटॅरॅक्ट कॅनियन. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांचा संगम होतो. त्याखाली साडेतीन-चार मैलांवर डाव्या-उजव्या कड्यांमध्ये स्पॅनिश बॉटम नावाचा सपाट माळ आहे आणि तो संपला की रॅपिड, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं वेगवान पाणी, सुरू. चारी बाजूंनी वाळवंट, मे अखेरीस हवा तिशीच्या वर, आणि पाणी मात्र रॉकी पर्वतातल्या वितळत्या बर्फाचं, चौदा अंशांच्या आसपास. उन्हाळ्याच्या शेवटी इथं चार-पाच हजार क्युसेक पाणी असतं. मे-जूनच्या चढत्या पाण्यात तेच चाळीस, पन्नास हजारांवर जातं. 1984 मध्ये ते एक लाखाच्या वर गेलं होतं.

पन्नास हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे 1,400 टन पाणी. नर्मदेच्या पुराचे लाखांतले आकडे रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि पहिली चूक इथेच होते. नर्मदेचं पाणी रुंद पात्रात पसरतं. इथं ते अरुंद घळीतून, घराएवढ्या खडकांवरून जातं. हे खडक आजूबाजूच्या नाल्यांच्या लोंढ्यांनी आणून टाकलेले आणि कडे कोसळून पडलेले आहेत. खाली मिठाचे थर आहेत, ते सरकतात, त्यांच्यावरचा कडा नदीकडे झुकत राहतो आणि तुटतो. त्यामुळे इथं खडकांचा पुरवठा कधी संपत नाही.

माणसं आणि बोटी

सहा जण. पुतण्या डेन्व्हरला असतो, आठ वर्षं वल्ही मारतोय, चाळीस हजारांवरचं पाणी दोनदा पाहिलेलं. त्याची बायको, म्हणजे घरच्यांची सूनबाई, चार वर्षं वल्हवतेय, पण पंचवीस हजारांच्या पुढे कधी नाही. इंदुराहून आलेले चौघं: काका (61), काकू (57), त्यांचा मुलगा आणि मुलगी. मुलानं महेश्वरच्या सहस्रधारेत तीन हंगाम कयाक चालवलंय.

सहस्रधारा सरावाला उत्तम जागा आहे. इंदुरापासून नव्वदेक किलोमीटर, काळ्या दगडातून फुटलेल्या धारा, 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या कनू स्लॅलमच्या शर्यती तिथंच झाल्या. धारेला कोन देऊन आडवं सरकणं, लाइफ जॅकेट घालून पोहणं, थ्रो बॅग (पडलेल्या माणसाकडे फेकायची दोराची पिशवी) फेकणं हे सगळं तिथं पक्कं होतं. तिथं शिकता येत नाहीत त्या दोन गोष्टी: थंडी आणि लांबी. सहस्रधारेत पडलेला माणूस शे-दोनशे मीटरवर शांत पाण्यात येतो.

बोटी दोन, दोन्ही वल्ह्यांच्या राफ्ट, म्हणजे हवा भरून फुगवलेल्या. पुतण्याची अठरा फुटी, सामान आणि माणसं धरून साधारण 900 किलो. सूनबाईंची सोळा फुटी, साधारण 600 किलो. दोन्हींवर धातूची चौकट, एकेक जादा वल्हं, कडेनं घट्ट ताणलेला दोर आणि तळाखालून नेलेल्या पलटी-पट्ट्या. उलटलेली राफ्ट सरळ करायला या पट्ट्या धरून ओढतात. लाइफ जॅकेट सर्वांना 22 पौंडांचं, म्हणजे सुमारे दहा किलो तरंगवणारं. नेहमीचं साडेपंधरा पौंडांचं जॅकेट फेसाळ पाण्यात कमी पडतं, कारण फेसात अर्धी हवा असते आणि हवा कुणाला तोलत नाही. सगळ्यांना वेटसूट आणि हेल्मेट. इथपर्यंत तयारीत दोष काढायला जागा नाही.

सातवी व्यक्ती नदीवर नव्हतीच. ती इंदुरात, राजेंद्रनगरात: पुतण्याची आत्या, जलसंसाधन विभागातून निवृत्त. आकडे बघून कळवणं हे तिचं काम.

आकडा किती शिळा असतो

कॅटॅरॅक्टला येणारं पाणी दोन मोजमाप केंद्रांची बेरीज करून काढतात: कोलोरॅडोवरचं सिस्को आणि ग्रीन नदीवरचं ग्रीन रिव्हर गाव. दोन्ही आकडे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. पण ती केंद्रं संगमाच्या खूप वर आहेत, सिस्को शंभरेक मैल आणि ग्रीन रिव्हर एकशेवीसच्या आसपास. तिथलं पाणी खाली यायला साधारण दीड-दोन दिवस लागतात. बोटी पोटॅशच्या घाटावरून निघाल्या की संगमापर्यंत 47 मैल संथ पाणी असतं आणि मोबाइल लागत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी ज्या पाण्यात उतरायचं, ते तुम्ही निघालात तेव्हा केंद्रापर्यंत पोचलेलंही नसतं. निघताना पाहिलेला आकडा घेऊन रॅपिडला जाणं म्हणजे परवाच्या पंचांगावर आजचा मुहूर्त काढणं.

म्हणून आत्या. युटा आणि भारत यांत उन्हाळ्यात साडेअकरा तासांचा फरक. तिथं रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इंदुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. चहा घेता घेता दोन्ही केंद्रं आणि सॉल्ट लेक सिटीच्या नदी-अंदाज केंद्राचा पुढचा अंदाज बघायचा आणि उपग्रह-संदेशयंत्रावर एक ओळ पाठवायची. हे यंत्र त्यांनी तिथंच भाड्यानं घेतलं, आणि ते बरोबरच केलं. परवानगीशिवाय असं यंत्र भारतात आणणं बेकायदा आहे. विमानतळावर त्यावरून माणसं अडकली आहेत.

तीन दिवसांचे संदेश असे:

27 मे: ‘सिस्को 21,500, ग्रीन 17,000. बेरीज 38,500.’
28 मे: ‘24,000 आणि 18,500. 42,500. चढतंय.’
29 मे: ‘27,500 आणि 20,500. 48,000. अंदाज अजून वर. पर्वतात उष्णता आहे. उद्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे पोचेल.’

शेवटच्या वाक्याची किंमत मोठी आहे. आकडा सगळेच सांगतात, तो आपल्यापाशी कधी पोचणार हे आत्यानं सांगितलं. त्यावरून 30 मेच्या सकाळी स्पॅनिश बॉटमला 44-45 हजार असेल, 31 ला 48 आणि त्यानंतर पन्नाशी पार, असा हिशेब मांडता आला. बर्फाच्या नदीला दिवसाचे चढउतार असतात, दुपारी वितळलेलं रात्री खाली येतं, हे हिमालयात खरं आहे. इथं पर्वत इतके लांब आहेत की ते चढउतार वाटेत मिसळून जातात. पहाटे पाणी कमी मिळेल या आशेवर थांबण्यात अर्थ नव्हता.

ती रात्र

स्पॅनिश बॉटम हा या प्रवासातला शेवटचा दरवाजा आहे. इथपर्यंत वरच्या मोआब गावाहून जेट बोटी येतात आणि होडीवाल्यांना प्रवाहाविरुद्ध परत नेतात. याच्या खाली उतरलं की मागे फिरता येत नाही. चढत्या पाण्यात वाळूचे किनारे बुडालेले असतात, टॅमरिस्कची झुडपं अर्धी पाण्यात उभी असतात, आणि बोट लावायला जागा शोधावी लागते. थांबून खालचं रॅपिड पाहून घेऊ, हा बेत पाच हजार क्युसेकला चालतो. पंचेचाळीस हजारांत बघायची जागा कळेपर्यंत ती मागे पडलेली असते.

शेजारच्या मुक्कामावर मोटरच्या मोठ्या राफ्टींचा एक गट होता, तो 31 ला सकाळी निघणार होता. त्यांनी ‘आमच्या मागोमाग या’ असं सुचवलं.

पुतण्यानं निघण्याआधी कागदावर एक ओळ लिहून ठेवली होती: पन्नास हजारांच्या वर उतरायचं नाही. आधी लिहून ठेवणं चांगलंच, कारण किनाऱ्यावर बसल्यावर मन सोयीचं उत्तर शोधतं. पण ती ओळ नदीसाठी होती. कुठली बोट, कुणाच्या हातात, बोटीत कोण, यातलं काहीच त्यात नव्हतं. पंचेचाळीस हजार पन्नासाच्या आत आहे, म्हणून कागदानं परवानगी दिली. सूनबाईंचा अनुभव पंचवीसवर थांबतो, हे कागदाला माहीतच नव्हतं.

माणसांचा निर्णय मात्र नेमका झाला.

“काका, उद्या तुम्ही आणि काकू जेट बोटीनं वर जायचं. जागा आहे, मी विचारलंय.”

“अरे, इतक्या लांबून आलो ते परत फिरायला?”

“पलटी झाली तर मैलभर पोहावं लागेल, काका. तुमचा खांदा तुम्हाला ठाऊक आहे.”

काका गप्प राहिले. काकूंनी तेवढ्यात पिशवी बांधायला घेतली होती.

हा निर्णय योग्य का, हे नीट समजून घेतलं पाहिजे. चढत्या पाण्यात इथली रॅपिड एकमेकांना जोडली जातात. कमी पाण्यात प्रत्येक रॅपिडखाली शांत डोह असतो, पडलेला माणूस तिथं उचलता येतो. पाणी वाढलं की डोह नाहीसे होतात. एडी, म्हणजे काठालगत उलट वर फिरणारं पाणी, उरते, पण तिच्या आणि मुख्य धारेच्या सीमेवर भोवरे आणि उकळ्या इतक्या जोरात असतात की दमलेला माणूस ती सीमा ओलांडू शकत नाही. चौदा अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत बोटांची पकड जाते. खांदा दुखरा असलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाला पोहता येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. किती वेळ पोहता येईल, एवढाच प्रश्न होता.

राहिले चौघं आणि दोन बोटी. आमच्या मते रात्रीची मोठी चूक इथं झाली: माणसं परत पाठवली, बोट पाठवली नाही. सोळा फुटी राफ्ट हवा काढून, गुंडाळून, चौकट सोडवून त्याच जेट बोटीवर चढवता आली असती. चौघं अठरा फुटीत बसले असते, पुढे दोन माणसांचं वजन आलं असतं, आणि वल्ही आठ वर्षं वल्हवलेल्या हातात राहिली असती. एकट्या बोटीला वाचवणारी दुसरी बोट नसते, हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर शेजारच्या मुक्कामावर होतं. 31 ला त्यांच्या मागे गेलं तर पाणी तीन-चार हजारांनी वाढलेलं मिळणार होतं, पण मोठ्या राफ्टींच्या सोबतीत त्या तीन-चार हजारांचं ओझं सोसण्यासारखं होतं. ते नाकारण्याचं कारण पाण्यात नव्हतंच. परतीचं विमान 1 जूनचं होतं. इंदुराहून निघतानाच परतीच्या बाजूला दोन कोरे दिवस ठेवायला हवे होते, नकाशा हातात घेण्याच्याही आधी.

तीस तारीख

रात्रभर तुरटीनं निवळलेलं पाणी गाळून भरलं. या नदीचं पाणी ताकासारखं गढूळ असतं, गाळणी थेट लावली तर ती दहा मिनिटांत तुंबते. वीस लिटरच्या बादलीला सपाट चमचाभर तुरटीची पूड, ढवळून रात्रभर झाकून ठेवली की सकाळी वरचं पाणी अलगद काढून घेता येतं. मग गाळणी, मग क्लोरीन. आठला वाटीवाटी पोहे खाऊन बोटी सुटल्या. मोठी पुढे, छोटी पाच-सहा बोटी एवढं अंतर सोडून मागे.

वरची रॅपिड लाटांची होती. मोठी, ओळीनं येणारी लाट घाबरवते, पण नाक सरळ ठेवलं तर बोट ती चढून जाते. साडेदहाच्या सुमारास बिग ड्रॉप लागले. एकाखाली एक तीन, साधारण मैलभराच्या आत. दुसऱ्यात लिटल नायगारा नावाचा प्रचंड खडक आहे. पाणी त्यावरून कोसळतं आणि मागे होल तयार होतं, म्हणजे स्वतःवरच उलटा फिरणारा खड्डा. तो टाळून, तिरक्या मोडणाऱ्या लाटेच्या टोकाला न अडकता मधून जायचं असतं.

आता हिशेब बघा, कारण पलटीचं कारण याच हिशेबात आहे. भरलेली राफ्ट चांगला वल्हवणारा धारेला आडवी सेकंदाला फार तर एक मीटर सरकवतो. जागा बदलायची होती पंधरा मीटर, म्हणजे पंधरा सेकंद. पंचवीस हजारांच्या पाण्यात समजा धारेचा वेग सेकंदाला तीन मीटर, तर 45 मीटर आधी सुरुवात केली की पुरतं. पंचेचाळीस हजारांत वेग पाच धरला तर 75 मीटर आधी. सूनबाईंनी सुरुवात केली ती त्यांच्या डोळ्यांना सवय होती तिथं, म्हणजे पन्नासेक मीटरवर. हात कमी पडले नाहीत, कोनही बरोबर होता. दहा सेकंदांत दहा मीटर सरकल्या आणि उरलेल्या पाच मीटरांत तिरकी लाट आली. त्यात खुणेचे खडक बुडालेले. ओळखीची खूण दिसेल मग वळू, असं मनात धरून बसलं की ती खूण दिसतच नाही.

लाट बाजूनं आली. अशा वेळी बोटीतल्या माणसानं वर उचलल्या जाणाऱ्या कडेवर अंग झोकायचं असतं, याला हाय साइड म्हणतात. काकांचा मुलगा, म्हणजे पुतण्याचा चुलतभाऊ, याच बोटीत मागे बर्फपेटीवर बसला होता. तिथून वरच्या कडेपर्यंत दोन हालचाली लागतात, आणि वेळ एका हालचालीपुरताच होता. पुढे नाकाजवळ बसला असता तर त्याचं वजन आपोआप उपयोगी पडलं असतं. दोघांच्या बोटीत दुसऱ्याची जागा पुढेच.

बोट उलटली. चुलतभावाच्या हाताला कडेचा दोर लागला, तो उलट्या तळावर चढला. सूनबाई धारेत. पुढचा बिग ड्रॉप अर्ध्या मैलाच्या आत होता. तो त्यांनी पोहून पार केला, साधारण तीन मिनिटं. लाटेच्या खळग्यात श्वास घ्यायचा आणि शिखरावर तोंड मिटायचं, हे त्यांनी पक्कं धरलं. अशा खोल पाण्यात पाय पुढे करून नुसतं तरंगत राहणं चुकीचं. ते उथळ, खडकाळ जागेसाठी ठीक आहे. इथं बोटीच्या दिशेनं जोरात पोहायचं असतं.

पुतण्यानं योग्य केलं ते हे: एडीत शिरायचा नाद सोडला. एडीत शिरला असता तर बाहेर यायला मिनिटभर गेलं असतं आणि बायको पुढे निघून गेली असती. त्यानं बोटीचं नाक वरच्या दिशेला केलं, धारेतच राहून प्रवाहाविरुद्ध वल्हवत वेग कमी केला आणि तिला आपल्यापर्यंत येऊ दिलं. वीस मीटरची थ्रो बॅग चुलतबहिणीनं फेकली, पहिली चुकली, गुंडाळत न बसता दुसरी फेकली, ती लागली. आत घेताना हात धरून ओढू नये, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून आपलं वजन मागे टाकावं. तसंच केलं.

उलटी बोट मोठ्या राफ्टच्या नाकानं ढकलत ढकलत अडीच किलोमीटर खाली एका एडीत लावली. पलटी-पट्ट्या धरून चौघांनी ओढून पाहिलं, सामान भरलेली बोट हललीही नाही. मग दोन कप्प्या, तीस मीटरचा न ताणणारा दोर आणि खडकाचा आधार, तीनास एकचा झेड-ड्रॅग, म्हणजे ओढ तिप्पट करणारी दोर-कप्प्यांची जोडणी. सरळ व्हायला अडीच वाजले. गेलेलं सामान: एक वल्हं आणि पट्टा न लावलेली एक बादली. बांधलेलं सगळं जागेवर होतं, आणि दोराचं एकही मोकळं टोक पाण्यात लोंबत नव्हतं. चुलतभाऊ तळावर सुखरूप चढू शकला त्याचं हेही एक कारण.

संदेश पाठवायची ठरलेली वेळ होती दुपारी एक, इंदुरातले रात्रीचे साडेबारा. यंत्र सोळा फुटी बोटीच्या डब्यात होतं, उलटं, पट्ट्यांच्या खाली. आत्याकडे उद्यानाच्या कार्यालयाचा क्रमांक होता, पण किती वाजेपर्यंत संदेश आला नाही तर तो फिरवायचा हे कुणी लिहून दिलं नव्हतं. ती वेळ तासांत ठरवून, लिहून, किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती द्यायची असते. आणि यंत्र बोटीत ठेवायचं नसतं. ते पुढच्या बोटीच्या वल्हवणाऱ्याच्या जॅकेटच्या खिशात, दोरीनं बांधून असतं. ‘चौघं ठीक. बिग ड्रॉप पार. उद्या नॉर्थ वॉश’ (नदीतून बाहेर पडायचा घाट) ही ओळ राजेंद्रनगरात पोचली तेव्हा पहाटेचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.